फादर कोणाला मत द्यायला सांगतात?

प्रश्नकर्त्यांनी एका दमात दोन गोष्टी विचारल्या आहेत. ख्रिस्ती लोकांनी आपला धर्म राजकारणात आणावा का? आणि निवडणूक आली की फादर चर्चमध्ये कोणाला मत द्यायचं ते सांगतात, हे खरं का? मी वसईचा, जन्माने आणि सवयीने कॅथलिक. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ते सोपं आहे, आणि त्यात थोडी गंमतही आहे.

2019 ची लोकसभा. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारची मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) संपली आणि हातात झावळ्या घेऊन आम्ही बाहेर पडलो. फाटकाशी एका उमेदवाराची माणसं पांढऱ्या कपड्यांत हात जोडून उभी. त्यातला एक जण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मोठ्याने ‘हालेलुया’ म्हणत होता. आता त्या बिचाऱ्याला कोण सांगणार, की ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही तो एक शब्द तोंडातून काढत नाही, तो थेट ईस्टरला म्हणायचा असतो. माझी आजी थांबली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, “ह्याला कोणीतरी अर्धाच धडा शिकवून पाठवलाय.”

आत फादरांनी काय सांगितलं होतं? मिस्सेच्या शेवटी सूचना असतात, त्यात तिसरी की चौथी सूचना: मतदानाला जा, विचार करून मत द्या, मतासाठी पैसे घेऊ नका. त्यापुढची सूचना कोणाचा तरी चष्मा बाकावर राहिला होता त्याची. बस्स. पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही. सगळीकडे नेहमी असंच असतं असा माझा दावा नाही. आडून सुचवणारे, ‘सुज्ञांस सांगणे न लगे’ छापाचे फादरही असतात. पण नियम दोन्हीकडून आहेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(3) प्रमाणे धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो. 2017 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी 4 विरुद्ध 3 अशा बहुमताने त्याचा अर्थ आणखी रुंद केला: धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, तो पुढे करून मत मागता येत नाही. चर्चच्या स्वतःच्या कायद्यातही, 1983 च्या संहितेत, धर्मगुरूने सत्तेचं पद घेऊ नये असं आहे. त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन नावाचे जेझुइट संघाचे फादर दहा वर्षं खासदारकी करून बसले होते. 1980 मध्ये पोपचा आदेश आला आणि त्यांनी पुढची निवडणूक लढवली नाही.

मग धर्म राजकारणात येतच नाही का? येतो. मी स्वतः बघितलाय.

वसईच्या पश्चिमेला, निर्मळ, नंदाखाल, गास, भुईगाव ह्या पट्ट्यात, आमच्या लहानपणी वाडी म्हणजे केळी, पानवेली, फुलं, भाजी. प्रत्येक आळीला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं, प्रत्येक वाडीत विहीर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला ह्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामवाल्यांची नजर पडली. आधी इमारती उठल्या, मग त्या इमारतींना पाणी लागलं, मग टँकर आले. विहिरीवर मोटर बसायची आणि दिवसभर टँकर भरायचे. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. गोडं पाणी उपसलं की त्याच्या जागी खारं आत शिरतं, हे सांगायला शास्त्रज्ञ लागला नाही. आमच्या मागच्या विहिरीचं पाणी आधी मचूळ लागायला लागलं, मग डाळ शिजेना, मग पानवेल पिवळी पडली. आई रोज सकाळी एक घोट तोंडात घेऊन बघायची आणि काही न बोलता उरलेलं पाणी केळीच्या बुंध्यात ओतायची.

त्या वेळी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली आणि तिच्या पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. मराठी वाचकांना ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून, बायबलच्या मराठी अनुवादासाठी किंवा 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत असतील. (एक पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून तेव्हा काहींनी गदारोळ केला होता.) आमच्यासाठी ते मोर्चात पुढे चालणारे फादर होते. टँकरविरुद्ध बोलले, बिल्डरविरुद्ध बोलले, आणि वसईत ज्या दहशतीचं नाव लोक दार लावून घ्यायचे तिच्याविरुद्ध उघड बोलले. 25 जुलै 2024 ला ते गेले. स्वतः कधी निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या मोर्चात लाल लुगड्यातल्या आमच्या कुपारी (वसईतल्या ख्रिस्ती समाजाच्या) बायका होत्या, तशाच सामवेदी ब्राह्मण, वाडवळ, भंडारी, आगरीही होते. पाणी ख्रिस्ती नव्हतं. फादर उठले ते त्यांच्या श्रद्धेमुळेच; जमीन आणि पाणी ही देवाने सगळ्यांना दिलेली ठेव आहे असं ते मानत आणि तसं बोलतही. पण मागणी अशी होती की येशूचं नावही न घेणारा माणूस तिच्याखाली सही करू शकत होता. राजकारणात श्रद्धा आणायची असेल तर माझी फूटपट्टी हीच. तू कोणाच्या प्रेरणेने आलास ते तुझ्यापाशी ठेव किंवा मोकळेपणाने सांग, हरकत नाही. मागतोयस कोणासाठी, ते बोल.

पुढे 2009 मध्ये चार नगरपालिका आणि 53 गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावांना ती नको होती. पुन्हा आंदोलन पेटलं. त्याच वर्षी विधानसभेला वसईतून निवडून आले ते विवेक पंडित, अपक्ष. आदिवासी वेठबिगारांसाठी श्रमजीवी संघटना उभी करणारा हा माणूस. ख्रिस्ती नव्हे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही गठ्ठ्याने ‘आपल्यातल्याला’ मत देतो. त्या वर्षी आमच्या गावांनी गठ्ठ्यानेच मत दिलं, पण ‘आपल्यातला’ ह्या शब्दाचा अर्थ वेगळा झाला होता. 2011 मध्ये 29 गावं वगळायचा सरकारी निर्णयही झाला, मग प्रकरण हायकोर्टात जाऊन अडकलं. तो गुंता वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

हे सगळं लिहिताना आमची झाकली मूठही उघडायला हवी. हिरवा पट्टा बाहेरच्यांनी एकट्याने नाही खाल्ला. रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्यांनीही वाड्या विकल्या. एका पालिका निवडणुकीत आमच्या चर्चच्या एका समितीवरच्या गृहस्थांनी व्हॉट्सॲपवर ‘आपला माणूस, आपलं मत’ असा निरोप फिरवला. तो ‘आपला माणूस’ आमच्यासमोर जमिनीची दलाली करून मोठा झालेला. मी ग्रुपवर एवढंच विचारलं, “काका, ह्यांच्या वाडीतली विहीर अजून आहे का?” उत्तर आलं नाही. मला मात्र ग्रुपमधून काढलं.

आणि इतिहासाने आम्हाला दुसरी बाजूही दाखवलेली आहे. वसई 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. दोन शतकं इथे क्रूस आणि तलवार एकाच हातात होते. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. हिंदूंना त्याचा जाच झालाच, पण मुळात ते ज्यांच्या मागे लागलं होतं ते बाप्तिस्मा घेतलेले लोक. कोणी तुळशीला पाणी घातलं, कोणी लग्नात जुनी गाणी म्हटली, ह्याच्या चौकश्या. 1684 मध्ये तर व्हाइसरॉयने कोंकणीच बंद करायचं फर्मान काढलं. सत्ता चर्चच्या बाजूला असली की ख्रिस्ती माणूस सुखी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या काळच्या गोव्यातला एखादा ख्रिस्ती शेतकरी डोळ्यांपुढे आणावा.

अलीकडचं उदाहरण केरळचं. 1957 मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचं कम्युनिस्ट सरकार आलं. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी, स्वतः ख्रिस्ती, यांनी शिक्षण विधेयक आणलं. खासगी शाळांतल्या शिक्षकांना पगार सरकार थेट देणार, आणि नेमणुकीवर सरकारचा हात राहणार. शाळा मोठ्या प्रमाणावर चर्चच्या होत्या. बिशप उठले, नायर समाजाची संघटना नायर सर्व्हिस सोसायटीही सोबत आली, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली, आणि 31 जुलै 1959 ला केंद्राने निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. मी कम्युनिस्ट नाही, त्या सरकारच्या चुका असतीलही. पण शिक्षकाला वेळेवर आणि पूर्ण पगार मिळणं ही गोष्ट कोणत्या शुभवर्तमानाच्या विरोधात जाते, ते मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. तिथे शाळांच्या किल्ल्या वाचवायच्या होत्या. श्रद्धेचं नाव त्या किल्ल्यांना लावलं, असं माझं मत.

ह्यावर माझा एक मित्र म्हणतो, म्हणजे ख्रिस्ती माणसाने स्वतःच्या लोकांसाठी कधी मागूच नये का? मागावं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. ही मागणी आमच्यासाठीच आहे आणि ती न्याय्य आहे. फक्त ती करताना एक कबुली द्यावी लागते, की चर्चमध्ये येऊनही जात गेली नाही. ती कबुली जड जाते, म्हणून आमचे पुढारी ह्या विषयावर हळू आवाजात बोलतात.

आणि काका बॅप्टिस्टांना विसरून चालणार नाही. माझगावच्या माथारपाखाडीचे जोसेफ बॅप्टिस्टा, टिळकांचे स्नेही आणि वकील. 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग निघाली तिचे पहिले अध्यक्ष. पुढे कामगार चळवळीत, आणि 1925 मध्ये मुंबईचे महापौर. महाराष्ट्रात आम्ही लोकसंख्येच्या 1 टक्काही नाही. नुसती डोकी मोजून हा माणूस कुठे पोचला असता?

आजीचं राहिलं. त्या निवडणुकीत मत कोणाला दिलं, ते तिने आम्हाला सांगितलं नाही. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाली, “फादरला कन्फेशनमध्येसुद्धा सांगितलं नाही. ते काय पाप होतं का?”