अँबॅसॅडरचा दुरुस्त केलेला डिस्ट्रिब्यूटर बसवताना टायमिंग कसे जुळवावे?

रत्नागिरीतील आपल्या जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरला दुरुस्त केलेला डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगीची वीज वाटणारा भाग) बसवल्यावर गाडी सुरू होते, पण चढाला ओढत नाही, असे आपण लिहिले आहे. टायमिंगला, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेला, हात लावण्यापूर्वी पॉइंटचे (डिस्ट्रिब्यूटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचे) अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करून घ्यावे, कारण ते बदलले की टायमिंगही सरकते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने पॉइंटवर चढणारा करडा थरही तेव्हाच पुसावा. मग पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पुलीवरची खूण इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेल्या अंशांवर आणावी. खूण पुढे गेलीच, तर बरेच मागे नेऊन पुन्हा सुलट्या (इंजिन फिरते त्या) दिशेने यावे, अन्यथा टायमिंग चेनचा ढिलेपणा फसवतो. बारा व्होल्टचा बल्ब डिस्ट्रिब्यूटरला कॉइलकडून (ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या भागाकडून) येणारी बारीक वायर आणि बॉडी यांच्यामध्ये जोडून इग्निशन चालू करावे. डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या (त्याच्या आत फिरणाऱ्या भागाच्या) दिशेने फिरवून बल्ब विझवावा, मग उलट दिशेने अगदी सावकाश फिरवत तो ज्या क्षणी पेटेल, तिथेच बोल्ट आवळावा. प्लगच्या वायरींचा क्रम १-३-४-२. खरी परीक्षा आंबा घाटातच होते: चढाला इंजिन ठोकू लागले, तर डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या दिशेने केसभर सरकवावा.