रील्स बंद केल्या की एम-थ्री निघेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, गाव परभणीकडचं. एम-थ्री म्हणजे गणिताचा तिसरा पेपर राहिलाय, एन्डसेमला (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेला) 70 पैकी 19. रात्री मेसवरून आलो की त्यातलाच लाप्लासचा धडा काढून बसतो, पाच मिनिटं म्हणून इन्स्टा उघडतो आणि डायरेक्ट दीड-दोन वाजतात, सकाळचं लेक्चर गेलंच समजा. शाळेतला एक मित्र बंगलोरला इंटर्नशिप करतोय, त्याची स्टोरी बघितली की दिवसभर डोकं चालत नाही. ॲप दोनदा डिलीट केलं, तिसऱ्या दिवशी परत टाकलं. घरी विषय राहिल्याचं सांगितलेलं नाही, बाबांचं किराणा दुकान आहे, गिऱ्हाइकांना पण सांगतात पोरगं ऑल क्लिअर म्हणून. साधा मोबाईल घेऊ का? पण सबमिशनचं सगळं व्हॉट्सॲपवरच येतं. कधी कधी वाटतं माझ्याच्यानं काहीच होणार नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर: साधा मोबाईल घेऊ नकोस रे, चार दिवसांत जर्नलच्या फोटोसाठी रूममेटचा फोन मागत फिरशील, आणि मग रील्स पण त्याच्याच फोनवर.

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि मला इन्स्टापेक्षा ते गिऱ्हाइकांचं वाक्य जास्त टोचलं, जे तू जाता जाता लिहून टाकलंयस. लाप्लासची वही उघडली की तुला काय दिसतं? गणित नाही, 19 दिसतात, आणि त्यामागं दुकानात उभे असलेले बाबा. मग अंगठा आपोआप तिकडं वळतो जिथं हे दोन्ही दिसत नाही. म्हणून डिलीट केलेलं ॲप तिसऱ्या दिवशी परत येतं, कारण लपायला जागा लागतेच.

आता ॲप अगदी साधंसुधं आहे असंही मी म्हणत नाही. फेसबुक 2004 मध्ये हार्वर्डला सुरू झालं आणि मग अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात पोचत गेलं. संशोधकांनी नंतर, जिथं आधी पोचलं आणि जिथं उशिरा, अशी तुलना केली, तर ते आल्यावर पोरांची मानसिक तब्येत बिघडलेली दिसली, आणि त्यापायी अभ्यासावर परिणाम झाला असंही जास्त पोरं सांगत होती. मोठं कारण तेच, दुसऱ्याशी तुलना. तुझा बंगलोरवाला मित्र काय, तो पण स्वतःच्या केट्या, म्हणजे राहिलेले विषय, स्टोरीला टाकत नसणार ना!

पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2018 चा एक प्रयोग मला आवडतो. 143 विद्यार्थी घेतले, त्यातल्या काहींना फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅट रोज प्रत्येकी 10 मिनिटं, एवढंच, तीन आठवडे. बाकीच्यांना नेहमीसारखं. कमी वापरणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. बंद कुणालाच करायला लावलं नव्हतं बघ.

तर तू एवढंच कर. चार्जर पलंगापासून लांब, दाराजवळच्या बोर्डाला लाव आणि अकराला फोन तिथं, अलार्मसाठी शंभर-दीडशेचं घड्याळ आण. डेली लिमिट वगैरे लाव पण त्यावर फार भरवसा नको, ते ‘इग्नोर’ आपण सगळेच डोळे मिटून दाबतो. त्या मित्राला म्यूट कर, त्याला कळत नाही. आणि झोप आधी सावर, अभ्यास नंतर, दोनला झोपून आठच्या लेक्चरला फूरियर कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मिळत असेल तर मागव. पासिंग 28, म्हणजे नऊ मार्क कुठं गेले ते तरी कळेल, बहुतेक एक-दोन युनिट नीट झाले की भागतं.

ते ‘माझ्याच्यानं काहीच होणार नाही’ मात्र मी सोडून देणार नाही. असं रोज वाटत असेल, जेवण-झोप उडाली असेल किंवा जगणंच नको वाटत असेल तर आजच 14416 लाव, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. कॉलेजात काउन्सेलर असतील तर त्यांनाही भेट.

आणि घरी सांग. रविवारी, दुकान बंद करून बाबा जेवले की मग. आधी आईला सांगून ठेवलंस तरी चालेल, आम्ही पण तेच करायचो.