फळ्यावरचं नाव

प्रश्न : ताई, आमच्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, सामाजिक न्याय समितीचं काम यंदा माझ्याकडे आलं आहे. समिती बाहेरच्यांसाठी पुष्कळ करते. नव्यानं आलेल्या निर्वासित कुटुंबांना भांडीकुंडी, मुलांना वह्या-दप्तरं, थंडीत पांघरुणं. पण आमच्यातलंच एक कुटुंब सहा महिने झाले, येत नाही. मी घरी गेलो, तर बाई दारातच म्हणाल्या, "फळ्यावर नाव लागलंय ना आमचं." वर्गणी थकलेल्यांची यादी आमच्याकडे कार्यालयाबाहेर लावतात, ती. विश्वस्तांपुढे विषय काढला, तेव्हा उत्तर मिळालं, "तो हिशेबाचा भाग आहे, तुमच्या समितीचा नाही." हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. आणि ती यादी उतरवायला पुढच्या बैठकीची वाट पाहू नका. उद्या सकाळी कार्यालय उघडलं की जा, चिटणिसांना सांगा आणि उतरवा. मग बसून बोला.

विश्वस्तांच्या मनात हिशेबाचं खातं वेगळं आणि न्यायाचं वेगळं, असं झालं आहे. पण 'त्सेदाका' या शब्दाचं आपण 'दान' असं भाषांतर करतो, तिथेच पहिली चूक होते. त्याचं मूळ 'त्सेदेक', म्हणजे न्याय. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, त्सेदाका नसते. शेताचा कोपरा गरिबांसाठी राखून ठेवा, असं तोरा हा आपला मूळ धर्मग्रंथ सांगतो. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहानं त्याचं किमान मापही घालून दिलं : पिकाचा साठावा हिस्सा. मालकानं तो कोपरा कापून, पेंढ्या बांधून, आपल्या ओळखीपाळखीत वाटायचा नाही. ज्याला गरज आहे त्यानं यायचं आणि स्वतःच्या हातानं कापून न्यायचं. उभ्या पिकातला तो तुकडा मालकाचा नसतोच.

गावाच्या मदतपेटीचाही नियम होता. पैसे गोळा करायला दोघं हवेत आणि वाटायला तिघं. तिघं का? तर पैशाच्या दाव्याचा निवाडा करायला जसे तीन न्यायाधीश लागतात, तसेच इथेही. कुणाला किती द्यायचं हे ठरवणं म्हणजे निवाडा करणं, असं त्या लोकांनी मानलं होतं. तुमच्या विश्वस्तांना हे एवढं एकच सांगा. वर्गणीचं टेबल हेसुद्धा न्यायासनच आहे.

तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, शोकाच्या घराबद्दल एक उतारा आहे. सामाजिक न्यायावर मला कुणी काही वाचायला मागितलं, तर मी आधी तोच देते. पूर्वी शोक असलेल्या घरी श्रीमंत लोक जेवण न्यायचे ते सोन्यारुप्याच्या टोपल्यांतून आणि गरीब न्यायचे ते सोललेल्या वेताच्या परड्यांतून. गरिबांना शरम वाटायची. मग ठरलं, की सगळ्यांनीच वेताच्या परड्या न्यायच्या. पेय देताना श्रीमंताघरी पांढरी काच आणि गरिबाघरी रंगीत, कारण रंगीत स्वस्त होती. ठरलं, की सगळीकडे रंगीतच. अंत्यविधीचा खर्च तर इतका वाढला होता, की नातेवाइकांना मृत्यूपेक्षा तो जड व्हायचा. लोक प्रेत टाकून पळून जायचे. शेवटी रब्बान गमलिएल यांनी स्वतःला साध्या तागाच्या कापडात न्यायला सांगितलं. ते समाजाचे प्रमुख होते, त्यांना काय कमी होतं? पण त्यांच्या मागोमाग सगळे तसंच करू लागले. आजही आपलं कफन साधं, पांढरं आणि बिनखिशाचं असतं.

यात गरिबांना चांदीची टोपली घ्यायला पैसे कुणी दिले नाहीत, हे पाहा. चांदीची टोपलीच बाद केली. बदलायचं होतं ते श्रीमंतांना. तुमची समिती आणि तो फळा यांच्यातलं अंतर मला इथे दिसतं.

आता माझं सांगते. मी पंधरा वर्षं आमच्या सिनेगॉगची खजिनदार होते. वर्गणीत सवलत हवी असेल तर एक अर्ज भरून द्यावा लागायचा : मिळकत किती, भाडं किती, घरात कमावते किती, खाणारे किती. अर्ज मीच तयार केला होता आणि तो चोख आहे असं मला वाटायचं. एका रविवारी एक गृहस्थ आले. त्यांची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. पहिल्या स्मृतिदिनाला काद्दीश ही गेलेल्यासाठीची प्रार्थना म्हणायची होती, पण वर्गणी थकली होती आणि बाकी ठेवून येणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मी अर्ज पुढे सरकवला. त्यांच्या मागे तिघंचौघं उभे होते. मी विचारलं, "मिळकतीचा रकाना रिकामा ठेवलात?" माझा आवाज काही चढा नव्हता. नेहमीसारखाच होता, म्हणजे मागच्यांना ऐकू जाईल इतका. त्यांनी अर्जाची घडी घातली, मग परत घडी घातली. तो चौकोन शर्टाच्या खिशात ठेवला, खिसा वरून दोनदा चापला आणि "बघतो" म्हणून निघून गेले. स्मृतिदिनाला ते आले नाहीत. पुढेही आले नाहीत. काद्दीशला दहाजणांचा मिन्यान लागतो, तो त्यांना कुठे मिळाला, मिळाला की नाही, मला माहीत नाही. त्या दिवशी आमच्याकडे पंधराजण हजर होते.

मी त्यांच्या घरी गेले, पण आठ महिन्यांनी. तुम्ही तेवढा उशीर करू नका.

त्यानंतर आम्ही अर्ज बंद केला. भुकेल्याची चौकशी करत बसू नये, हे शास्त्रात आहेच. आता एका कागदावर एकच ओळ असते : 'यंदा मला इतकं जमेल.' तो पाकिटात घालून द्यायचा. पाकीट एकच माणूस उघडतो आणि विश्वस्तांना फक्त एकूण बेरीज कळते. येरुशलेमच्या मंदिरात अशी एक खोली होती, तिला 'गुप्त देणाऱ्यांची खोली' म्हणत. पापभीरू लोक तिथे गुपचूप ठेवून जायचे आणि चांगल्या घरचे पण दिवस फिरलेले लोक तिथूनच गुपचूप घ्यायचे. आमचं पाकीट म्हणजे तीच खोली, असं मी मानते. अमेरिकेतही काही सिनेगॉगांनी ठरावीक वर्गणी बंद करून ज्याची त्यानं रक्कम ठरवायची पद्धत आणली आहे.

विश्वस्त विचारतील, की प्रार्थना गाणाऱ्या हझानचा पगार, वीज, छपराची गळती यांचं काय? प्रश्न खोटा नाही. वह्या मीच लिहीत होते, मला माहीत आहे. म्हणून बैठकीत नुसतं हळहळून चालणार नाही, आकडे घेऊन जा. थकबाकीची एकूण रक्कम किती आणि वर्षाच्या खर्चात तिचा वाटा किती, हे कागदावर मांडा. आम्ही मांडलं तेव्हा ती रक्कम एका मेजवानीच्या खर्चाहून कमी निघाली. पहिल्या वर्षी काहींनी कमी भरलं, काहींनी कुणाला न सांगता जास्त भरलं, आणि तूट आली ती भरून काढता आली.

आणखी एक. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, सकाळी यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातला अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं, बेघराला घरात घेणं, असं त्यात देव म्हणतो. कितीतरी सिनेगॉगांत त्या दिवशीच्या जागेचं तिकीट असतं. तुमच्याकडे असेल, तर दारात कोण उभं राहतं आणि ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला काय म्हणतं, हे यंदा स्वतः जाऊन ऐका.

प्रश्न : आमच्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) मागच्या शब्बाथला, शनिवारी, मजुरांच्या पगारावर प्रवचन दिलं. काही सभासद उठून गेले. "आम्ही प्रार्थनेला येतो, राजकारण ऐकायला नाही," असं त्यांचं म्हणणं. मीही गोंधळले आहे. सीमा कुठे आखायची?

उत्तर : व्यासपीठावरून उमेदवाराचं नाव घेऊ नये, पक्षाला मत मागू नये. इथे माझ्या मनात शंका नाही. पण मजुरी? रोजंदाराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नकोस, असं तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. रब्बींनी ते वाचायचं आणि अर्थ सांगायचा नाही, असं कसं होईल?

तालमुदाच्या 'बाबा मेत्झिआ' या भागातली हमालांची गोष्ट सभासदांना सांगून पाहा. रब्बा बर बर हना या विद्वानाच्या हमालांनी त्याचं द्राक्षारसाचं पिंप फोडलं. त्यानं भरपाई म्हणून त्यांचे अंगरखे काढून घेतले. हमाल 'राव' नावाच्या मोठ्या रब्बीकडे गेले. राव म्हणाला, "अंगरखे परत कर." रब्बानं विचारलं, "हा कायदा आहे?" राव म्हणाला, "हो." आणि आधार म्हणून नीतिसूत्रातलं वचन दिलं, सज्जनांच्या वाटेनं चालावं, असं. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब माणसं, दिवसभर राबलो, उपाशी आहोत, हाती काहीच नाही. राव म्हणाला, "त्यांची मजुरीही दे." "हाही कायदा?" "हो." नुकसान झालं होतं मालकाचंच, तरीही. हमालांनी येऊन नम्रपणे मदत मागितली नाही, दाद मागितली. हे मला फार मोठं वाटतं.

गेल्या शतकातलंही पाहा. १९६४च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनला वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनात १६ रब्बींना अटक झाली. १९६३च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आधी बोलले ते रब्बी योआखिम प्रिन्झ. हिटलरच्या काळात ते बर्लिनमध्ये रब्बी होते. तिथे शिकलो ते हे, की सर्वांत लाजिरवाणी गोष्ट गप्प बसणं, असं त्यांनी सांगितलं. पण याची किंमतही असते, आणि उठून गेलेल्या सभासदांची भीती मी पोकळ मानत नाही. अटलांटात रब्बी जेकब रॉथशिल्ड वर्णभेदाविरुद्ध बोलत राहिले आणि १२ ऑक्टोबर १९५८ला पहाटे त्यांच्या सिनेगॉगमध्ये सुरुंगाच्या कांड्यांचा स्फोट झाला. दक्षिणेतल्या कित्येक ज्यू कुटुंबांना तेव्हा आपल्या रब्बींनी गप्प राहावं असं वाटत होतं. त्यांना घरात मुलंबाळं होती.

म्हणून उठून गेलेल्यांना भेटा. वाद घालायला नको, आधी ऐकायला जा. पुढच्या वेळी प्रवचनाऐवजी प्रार्थनेनंतर तासभर मजकूर वाचा, विरोधकांपैकीच एकाला वाचायला सांगा. प्रवचन ऐकताना माणूस अवघडून बसतो. पुस्तक स्वतःच्या हातात असलं, की बोलता होतो.

आणि त्या तासाला एक प्रश्न तुम्ही विचारा. आपल्या सिनेगॉगची झाडलोट करणाऱ्याचा पगार किती आहे आणि तो कितव्या तारखेला हातात पडतो? आमच्याकडे मी विचारलं, तेव्हा उत्तर द्यायला दोन आठवडे लागले.

प्रश्न : माझं वय सत्तरच्या पुढे आहे. दोन वर्षं सिनेगॉगच्या मदतपेटीतून मला दरमहा पिशवी येते. आता समितीनं मलाच सदस्य व्हा म्हणून विचारलंय. मुलगी म्हणते, "घेणारीनं तिथे बसू नये, लोक काय म्हणतील." जाऊ का?

उत्तर : जा. त्सेदाकेवर जगणाऱ्यानंही त्सेदाका द्यावी, असं तालमुदात स्पष्ट आहे. मला त्यात ओझं दिसत नाही. घेणारा माणूसही देता असतो, तो हक्क त्याच्याकडून काढून घेता येत नाही, एवढंच त्यात आहे. आणि देणं पैशाचंच असतं असं थोडंच आहे? पैशाचं दान फक्त गरिबाला देता येतं, पण अंगमेहनतीची माया गरीब-श्रीमंत दोघांनाही लागते आणि गेलेल्यालाही लागते, म्हणून ती मोठी, असं रब्बींनी म्हटलं आहे. आजाऱ्याजवळ बसणं, प्रेताला स्नान घालणं हे त्यातच येतं. मुलीला हे वाचून दाखवा. ती तुमच्या मानासाठीच बोलते आहे, रागावू नका.

आमच्या समितीत पिशवी घेणाऱ्या एक बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा तासभर काही बोलल्या नाहीत. आम्ही वाटपाचा आराखडा फिरवत होतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "पिशवी शुक्रवारी दुपारी आणता, तेव्हा जिन्यात सगळी माणसं असतात. बुधवारी सकाळी आणा. आणि पिशवीवर सिनेगॉगचं नाव छापू नका." आम्ही सहाजणी वर्षानुवर्षं त्या पिशव्या भरत होतो. पुढच्या बुधवारपासून साध्या पिशव्या निघाल्या.