वाचकांचे प्रश्न : उतारवयातलं गोल्फ

प्रश्न (लातूर, वय 76) : नोकरीनिमित्त पुण्यात असताना गोल्फ शिकलो आणि आजवर सोडलं नाही. पूर्वी ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) 220 यार्ड जायचा, आता 160 गेला तरी खूप. मुलगा नवा ड्रायव्हर (त्या फटक्याचा क्लब) घेऊन देतो म्हणतोय. फरक पडेल का?

उत्तर : थोडा पडेल. पण आधी टी (होलचा पहिला फटका मारायची जागा) बदला, त्याला पैसे लागत नाहीत. 380 यार्डांचा पार-4 (चार फटक्यांत संपवायचा होल) असेल तर 160 च्या ड्राइव्हनंतर अजून 220 यार्ड उरतात, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठायचा प्रश्नच नाही. किती लांबीचा कोर्स झेपेल याचा एक सोपा हिशेब आहे. तुमची 5 नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) जितके यार्ड जाते, त्याला 36 ने गुणा. ती 115 जात असेल तर 4140 यार्ड. साडेसहा हजार यार्डांच्या मागच्या टीवरून खेळत राहिलात तर दर होलला वुड (लांब पल्ल्याचा मोठ्या डोक्याचा क्लब) काढावं लागतं, पाठ जाते आणि शॉर्ट गेमची, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्यांची मजाही जाते. पुढच्या टीला ‘बायकांची टी’ म्हणण्याची सवय मात्र आता सोडायला हवी. नियमांत कुठलीही टी बाईची किंवा पुरुषाची नसते.

आता ड्रायव्हर. स्विंग मंदावला की चेंडू पुरेसा उंच चढत नाही आणि लवकर खाली येतो. म्हणून 12 अंश किंवा त्याहून जास्त लॉफ्ट (चेंडूला लागणाऱ्या फेसचा मागे कललेला कोन), सीनियर फ्लेक्सचा, म्हणजे जास्त लवणारा, साधारण 50 ग्रॅमचा ग्राफाइट शाफ्ट (दांडा) आणि लांबी 44 इंचांच्या आसपास घ्या. दुकानात 45-46 इंचांचे पुढे करतील. पण लांब शाफ्टने चेंडू फेसच्या मधोमध बसत नाही आणि जे कमावलं तेच जातं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये फेअरवे (टी ते ग्रीनमधली कापलेल्या गवताची वाट) इतका टणक होतो की खुजा फटकाही घरंगळत जातो. खरी परीक्षा जुलै-ऑगस्टात, चेंडू पडेल तिथेच थांबतो तेव्हा. ट्रायल घ्यायची तर तेव्हा घ्या.

3, 4, 5 नंबरच्या आयर्न काढून टाका आणि त्यांच्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुडच्या मधला क्लब) किंवा 7 नंबरचं वुड ठेवा. एका गोष्टीत मात्र फसू नका. जुन्या सेटमधल्या 7 नंबरचा लॉफ्ट 35-36 अंश असायचा, आताच्या बऱ्याच सेटमध्ये तो 30 च्या आसपास असतो. म्हणजे ती जुनी 5 नंबरच आहे, आकडा फक्त बदललाय. या सेटचा पिचिंग वेज (जवळच्या उंच फटक्याची आयर्न) 44-45 अंशांचा आणि तुमचा सँड वेज 56 चा असेल तर मध्ये मोठी फट राहते, तिथे 50 अंशांचा एक वेज हवाच. नियमाने 14 क्लब चालतात, पण या वयात दहा पुरेत. बॅग हलकी झाली की शेवटचे चार होलसुद्धा नीट खेळता येतात.

प्रश्न (नांदेड) : तरुणपणीचा पर्सिमनचा ड्रायव्हर जपून ठेवलाय. मानेवरचा (शाफ्ट डोक्याला मिळतो तिथला) दोरा सुटलाय, तळाच्या पट्टीचे स्क्रूही ढिले झालेत. घरी दुरुस्त होईल?

उत्तर : होईल, आणि जरूर करा. पर्सिमन हे आपल्या किनवटच्या जंगलातल्या टेंभुर्णीच्याच कुळातलं झाड, लाकूड घट्ट आणि जड. पण उन्हाळ्यात ते सुकून आकसतं आणि पावसाळ्यात फुगतं. तुमचे स्क्रू आणि दोरा ढिला होण्याचं कारण हेच. पत्र्याखाली, गाडीच्या डिकीत किंवा कूलरसमोर तो ठेवू नका.

आधी मान तपासा. जुना दोरा पूर्ण काढा आणि मान किंचित पिळून पाहा. केसासारखी भेग उघडली तर त्यात पातळ इपॉक्सी उतरवा, वरून दोरी घट्ट आवळा आणि 24 तास हात लावू नका. भेगेवर नुसता दोरा गुंडाळून खेळलात तर पाचपन्नास फटक्यांत डोकं उडतं.

मग चप्पल शिवतात तो मेण लावलेला नायलॉनचा दोरा साधारण चार मीटर घ्या. सुरुवात वरून, म्हणजे शाफ्टच्या बाजूने करा. टोक मानेवर खाली सोडून त्याच्यावरूनच पहिले वेढे घ्या, म्हणजे ते आपोआप दाबलं जातं. वेढे शेजारी शेजारी आणि ताणून डोक्याकडे उतरत आणा. मान खाली जाड होत जाते, त्यामुळे प्रत्येक वेढ्याला आधीच्या वेढ्याचा टेकू मिळतो. जाडाकडून बारकाकडे गेलात तर वेढे घसरतात. शेवटचे सात-आठ वेढे उरले की वेगळ्या दोऱ्याचा एक फास मानेच्या लांबीत ठेवा, बंद टोक डोक्याकडे. त्याच्यावरून वेढे घ्या, उरलेलं टोक फासातून ओवा आणि फासाची मोकळी टोकं शाफ्टकडे खेचा. टोक वेढ्यांखाली शिरलं की जे बाहेर दिसतं ते कापा.

स्क्रूच्या भोकात इपॉक्सीत बुडवलेली लाकडी काडी बसवून मग स्क्रू आवळा. पॉलिश कुठे उडालं असेल तर 400 नंबरच्या पॉलिशपेपरने घासून पॉलियुरेथेनचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात एक दिवस वाळवून. जाड हात ओघळतो. सरावाच्या रेंजवरच्या टणक चेंडूंवर मात्र हा क्लब चालवू नका.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर, वय 71) : पूर्वी माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) 18 होता. जुनी स्कोअरकार्डं जपलीत, ती चालतील?

उत्तर : आठवण म्हणून जपा. कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे किती फटके लागावेत) आणि स्लोप (साधारण खेळाडूला तो कोर्स किती जड जातो; सर्वसाधारण आकडा 113) ठाऊक नसेल तर त्यांवरून नवा हँडिकॅप निघत नाही. 2020 पासून जगभर एकच पद्धत आहे. 18 होलची तीन कार्डं दिली की हँडिकॅप मिळतो, आणि 9 होलचे राउंडही धरले जातात. हिशेब असा : स्कोअर 92, रेटिंग 70.4, स्लोप 120. फरक 21.6, त्याला 113 ने गुणून 120 ने भागलं की 20.3. तीनच कार्डं असतील तर त्यांतला सर्वांत कमी आकडा घेऊन 2 वजा करतात. समजा 20.3 हाच सर्वांत कमी, तर हँडिकॅप 18.3. पुढे 20 कार्डं झाली की त्यांतल्या उत्तम 8 ची सरासरी. पहिल्या कार्डांवर कुठल्याही होलला पार अधिक 5 च्या वर आकडा लिहू नका.

प्रश्न (जालना) : उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगेत चेंडू अडकतो. फुकट ड्रॉप (दंडाशिवाय चेंडू उचलून शेजारी टाकणं) मिळतो का?

उत्तर : कमिटीने तसा स्थानिक नियम लेखी केला असेल तरच, आणि तोही बारीक कापलेल्या गवतावर. मग एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप. पाय भेगेवर पडतो म्हणून सूट नाही. नियम नसेल तर आहे तसा खेळा, नाहीतर एका फटक्याचा दंड घेऊन दोन क्लबच्या लांबीत ड्रॉप करा. आणि चेंडू शोधायला 2019 पासून पाच नव्हे, तीनच मिनिटं मिळतात.