सनदी, सनदशीर की सनदवादी?

प्रश्न असा आला आहे: “एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या कामगारांनी मताधिकारासाठी जी ‘चार्टिस्ट’ चळवळ केली, तिला मराठीत ‘सनदी चळवळ’ म्हणावं की ‘सनदशीर चळवळ’?”

दोन्ही नको. त्यातही ‘सनदी’ तर नकोच नको. ‘सनदी चळवळ’ वाचलं की जिल्हाधिकाऱ्यांनी काळ्या फिती लावल्यासारखं वाटतं. मराठीत सनदी कोण? ज्याला सनद मिळाली तो: सनदी अधिकारी, सनदी लेखापाल. या विणकर-खाणकामगारांना काय मिळालं होतं? १८३२च्या निवडणूक सुधारणा कायद्यानं शहरांत वर्षाला दहा पौंड भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मत दिलं आणि त्याखालच्यांना बाहेरच ठेवलं. भांडण तिथूनच सुरू झालं.

घोटाळ्याचं मूळ ‘चार्टर म्हणजे सनद’ या कोशातल्या समीकरणात आहे. ईस्ट इंडिया कंपनीपुरतं ते ठीक. १८१३, १८३३, १८५३ या सालांचे ‘सनदी कायदे’ आपण शाळेत घोकले. तिथे देणारं पार्लमेंट, घेणारी कंपनी. सनद वरूनच खाली येते. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ साली दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, त्याही बादशहाच्याच. शब्दाची घडणही हेच सांगते. अरबी धातू स-न-द, म्हणजे टेकणं, आधार घेणं. ज्याला टेकून राजा बसतो ती मसनद, ज्याच्या आधारावर रयत हक्क सांगते ती सनद. दोघी सख्ख्या बहिणी.

आता ज्यावरून या चळवळीला नाव पडलं तो ‘पीपल्स चार्टर’ पाहा. हा कागद कुठल्याही मसनदीवरून सुटलेला नाही. १८३६ साली स्थापन झालेल्या लंडनच्या कामगार संघटनेनं तो मे १८३८मध्ये छापला. मुख्य हात विल्यम लव्हेट या फर्निचर करणाऱ्या सुताराचा, मदतीला फ्रान्सिस प्लेस हा शिंपी. हा जाहीरनामाही नव्हे (काही जण तसं लिहितात, तेही चूक). हा विधेयकाचा मसुदा होता, कलमवार. मतदारयादी कशी करायची, मतदानाची खोली कशी मांडायची, इथपर्यंत तपशील त्यात होते. मतपेटीचं चित्रसुद्धा होतं, आणि त्या पेटीत चिठ्ठी नव्हे, गोळी टाकायची होती. ‘बॅलट’चा मूळ अर्थ छोटी गोळीच, इटालियन ‘बल्लोत्ता’.

दुसरी नेहमीची चूक: “लाखो सह्यांची सनद”. सनदेवर कुणी सह्या केल्या नाहीत. सह्या होत्या त्या अर्जावर, म्हणजे पार्लमेंटला केलेल्या विनंतीवर. असे अर्ज तीन: १८३९, १८४२, १८४८. दुसऱ्यावर ३३,१७,७५२ सह्या. तिसऱ्यावर ५७ लाख असल्याचा चळवळीचा पुढारी फर्गस ओ’कॉनर याचा दावा. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तर १९,७५,४९६. पानंच्या पानं एकाच हातातली, शिवाय सही करणाऱ्यांत साक्षात व्हिक्टोरिया राणी आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन! खरे वीस लाख लोकही मग त्या हशात बुडाले.

आता खरी मौज. ‘चार्टर’ लॅटिन ‘कार्टा’पासून, ते ग्रीक ‘खार्तेस’पासून: पपायरसचं पान. याच पानाची पोरं म्हणजे कार्ड, चार्ट, कार्टून, आणि अरबीतला ‘किर्तास’. (‘कागद’ मात्र या घरचा नव्हे, तो फारसीतून आला. ‘कार्टा’वरून ‘कागद’ काढणाऱ्यांनी मधला ‘ग’ आणि शेवटचा ‘द’ कुठून आणला ते दाखवावं.) पण सगळ्यांत गोड नातू आहे आपलं काडतूस! इटालियन ‘कार्तोच्चो’ म्हणजे कागदाची सुरळी, तिचं पोर्तुगीज ‘कार्तूशो’, तिथून मराठी ‘काडतूस’. काडी आणि तूस अशी फोड करणाऱ्यांना दुरूनच नमस्कार. त्या काळी काडतूस खरोखर कागदाचंच असे: सुरळीत दारू आणि गोळी भरायची, टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग गोळी आणि उरलेला कागद गजानं ठासायचा. कागद दमट झाला की दारू सर्द आणि बार फुसका.

थोडक्यात, चार्टर आणि काडतूस एकाच आज्याची नातवंडं, आणि चळवळीतही दोघं एकाच घरात भांडली. लव्हेटचा गट म्हणे नैतिक बळ, दुसरा गट म्हणे अंगबळ. जुलै १८३९मध्ये पार्लमेंटनं पहिला अर्ज २३५ विरुद्ध ४६ मतांनी झिडकारला. ४ नोव्हेंबरला वेल्समधल्या न्यूपोर्टला हजारो खाणकामगार आणि लोहारकामाचे मजूर वेस्टगेट हॉटेलवर चालून गेले. आतल्या शिपायांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसं पडली. पुढारी जॉन फ्रॉस्ट कापड व्यापारी, गावचा माजी महापौर. फाशी ठरली, मग ती काळ्या पाण्यावर आली. म्हणून ‘सनदशीर चळवळ’ही बाद. मराठीत सनदशीर म्हणजे कायद्याच्या चौकटीत राहून, आणि ती चौकट मानायची की नाही यावरूनच तर यांच्यात फूट होती.

हो, प्रश्न राहिलाच. ‘सनदवादी’ म्हणा. त्यातला ‘वादी’ समाजवादीतला आहेच, पण मला त्यात कोर्टातला वादीही ऐकू येतो: सनदेचा दावा लावणारा फिर्यादी, ज्याचा दावा तीनदा फेटाळला गेला. कोशकारांना ही कोटी वाटेल, वाटू दे. ‘पीपल्स चार्टर’ला ‘लोकसनद’ म्हणावं. ‘लोक’ लावल्यावर देणारा बदलतो.

आणि या लोकसनदेतल्या सहा मागण्या मराठीत देताना ‘अ‍ॅन्युअल पार्लमेंट्स’चं ‘संसदेचं वार्षिक अधिवेशन’ करू नका. अधिवेशन दरसाल होतच होतं. मागणी दरसाल निवडणुकीची होती, म्हणजे लाच द्यायची तर ती दरवर्षी नव्यानं द्यावी लागेल आणि परवडणार नाही. उमेदवाराला मालमत्तेची अट १८५८ला गेली, गुप्त मतदान १८७२ला आलं, खासदारांना पगार १९११ला, सर्व प्रौढ पुरुषांना मत १९१८ला. समान मतदारसंघही हळूहळू आले. दरसाल निवडणूक तेवढी आजतागायत आली नाही.