सेंट आइव्ह्जहून एक दिवस गाडीने: काय बघाल, काय सोडाल

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला मुक्काम, भाड्याची गाडी, सोबत आईबाबा आणि हाताशी एकच दिवस. त्यात लँड्स एंड, सेंट मायकल्स माउंट आणि टिंटॅजेल बसेल का, असं तुम्ही विचारलंय. टिंटॅजेल सोडा, जाऊन-येऊन तीन तास गाडीतच जातील. माउंट भरतीला बेट होतो, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात, तोही या दिवशी नको. माझं ऐकाल तर फक्त पेनविथचं, म्हणजे कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाचं, माळरान आणि त्याच्या कडेचा समुद्र एवढंच करा.

सकाळी लवकर निघून बी-३३०६ हा सेंट जस्टकडे जाणारा रस्ता धरा. डावीकडे खडकाळ माळ, उजवीकडे शेतं आणि त्यांच्या खाली अटलांटिक. झेनॉरच्या आसपास ही शेतं नीट बघा. ओबडधोबड दगडी बांधांनी आखलेले हे चिमुकले तुकडे थेट ब्राँझ युगापासूनचे आहेत आणि त्यांत आजही गुरं चरतात. या रस्त्यावर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि बहुतेक गाड्या तिथून न थांबता निघून जातात. रस्ता अरुंद आहे. समोरून बस आली तर गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा.

मॉर्वाहला डावीकडे मॅड्रनच्या रस्त्याला वळा. आधी मेन-अन-टोल लागेल: दोन उभे दगड आणि मधे आरपार भोक असलेला तिसरा. मुडदूस झालेल्या मुलांना त्या भोकातून पलीकडे काढलं की ती बरी होतात, अशी इथली जुनी समजूत. मात्र गाडी लावून जवळपास मैलभर कच्च्या वाटेने चालावं लागतं. आईबाबांना ते जड वाटत असेल तर तसेच पुढे लॅन्यन क्वॉइटला जा, तो रस्त्यालगतच आहे. नवाश्मयुगातली ही दगडी समाधी १८१५च्या वादळात कोसळली आणि १८२४ मध्ये पुन्हा उभी केली, पण आधीपेक्षा ठेंगणी. पूर्वी घोडेस्वार तिच्याखालून जाऊ शकत असे म्हणतात. ऑगस्टमध्ये गेलात तर आजूबाजूला हेदरची झुडपं जांभळी फुललेली असतील.

मग मॉर्वाहला परत येऊन बोटॅलॅक. कड्याच्या पार खाली, लाटांच्या अगदी वर खाणीची दोन इंजिनघरं उभी आहेत. इथले खाणकामगार कथील आणि तांब्यासाठी समुद्रतळाखाली खणत जायचे. कॉर्नवॉलचा हा खाणप्रदेश २००६ पासून जागतिक वारसा आहे. इथे घाई करू नका, आणि वारा असेल तर कड्यापासून लांबच राहा. जेवणाला सेंट जस्टमध्ये पास्टी, म्हणजे सारण भरून भाजलेली मोठी करंजी, घ्या, चीज-कांद्याचीही मिळते.

दुपारी लँड्स एंडऐवजी पोर्थकर्नो. तिथे दुकानं आणि गर्दी, इथे फिकी वाळू, हिरवंनिळं पाणी आणि आपल्या जवळची एक गोष्ट: १८७० मध्ये लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असं करत मुंबईला जोडणारी तारसंदेशांची केबल याच पुळणीवर समुद्रातून बाहेर आली. या तारसंदेशांचं संग्रहालयही तिथेच आहे, बाबांना नक्की आवडेल.

परतताना बी-३३१५ वर रस्त्याच्या कडेच्या शेतात मेरी मेडन्सचं एकोणीस दगडांचं वर्तुळ आहे. दोन मिनिटांची चाल, तिकीट नाही. तिथून पेन्झान्समार्गे सेंट आइव्ह्ज. माळावर दाट धुकं उतरलं तर क्रम उलटा करा, आधी पोर्थकर्नो आणि दगड दुपारनंतर.