समुद्री चाच्यांच्या थीमची एस्केप रूम खेळायला कशी असते? पहिल्यांदाच जातोय, भीती वाटेल का?

भीती नाही वाटत. अंधार असतो, पिंपामागून सांगाड्याचा हात डोकावतो, स्पीकरवर लाटा आदळत असतात, पण अंगावर कोणी धावून येत नाही. खरी धास्ती घड्याळाची. बहुतेक ठिकाणी कोडी सोडवून खोलीतून सुटायला ६० मिनिटं मिळतात आणि पहिली दहा नुसती उचकापाचक करण्यातच जातात.

आम्ही खेळलेली रूम आता बंद झालीय, म्हणून त्यातलं एक कोडं फोडतो. कप्तानाच्या नोंदवहीत लिहिलं होतं, 'रात्री अडीचला बंड झालं.' भावजी लगेच दिसेल त्या कुलपाला २-३-० लावत सुटले. एकही उघडेना. भाचा मात्र पितळी घंटेखालची पाटी वाचून गप्प उभा, त्याला वाटलं ती शोभेची! पाटीवर होतं, जहाजावर दर अर्ध्या तासाला एक टोल वाढतो, चार तासांची पाळी संपली की आठ, मग पुन्हा एकापासून. मध्यरात्री पाळी बदलली, साडेबाराला एक, एकला दोन... म्हणजे अडीचला पाच. भाच्याने धडाधड पाच टोल हाणले. काही नाही. मग बहिणीला पाटीच्या कडेचे ठिपके दिसले : दोन, दोन, एक. टणटण, टणटण, टण. आणि पलंगाखालच्या पेटाऱ्याचं झाकण खट्ट करून सुटलं. (जहाजांवर टोल खरंच असे जोडीजोडीने देत, हे मला नंतर कळलं.)

या थीममध्ये आकड्यांच्या कुलपांपेक्षा हाताला काम जास्त असतं, दोरखंड ओढा, सुकाणू फिरवा. मला तेच आवडलं. भिंतीवरच्या नकाशावर मात्र आम्ही फुकट वेळ घालवला. तसाही पुरलेला खजिना हा बराचसा गोष्टींतलाच मामला. कॅप्टन किड या चाच्याने १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर थोडा माल पुरला होता खरा, पण तो लवकरच सरकारजमा झाला.

जे सापडेल ते मोठ्याने सांगा, भाच्यासारखं मनात ठेवू नका. जोर लावावा लागला तर ते उत्तर नव्हे, वस्तू तोडू नका. पाच मिनिटं अडलात की हिंट मागा, गेममास्टर (खेळ चालवणारा) कॅमेऱ्यातून बघतच असतो.

आम्ही सुटलो का? नाही. शेवटच्या सुकाणूचा क्रम कळला होता, पण भावजींनी एक वळण जास्त घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवेपर्यंत वेळ संपली. त्यांच्यासमोर तो विषय आम्ही अजून काढत नाही.